ओंजळीएवढा की वासराएवढा? सोलापुरात पिल्लू आणण्याआधी

घरात एकाला ओंजळीत मावणारा चिवावा हवा असतो आणि दुसऱ्याला गल्ली थबकून बघेल असा ग्रेट डेन. वाद जातीवरून पेटला तरी निकाल वजनावर लावावा. एक जेमतेम तीन किलोचा, दुसरा पन्नास ते ऐंशी किलोंचा. म्हणून पिल्लांचे व्हिडिओ बघण्याआधी घरातल्यांनी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: हा कुत्रा आजारी पडून आडवा झाला, तर त्याला उचलून जिना कोण उतरणार? तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय राहत असाल आणि घरात धडधाकट माणूस एकच असेल, तर ग्रेट डेनचा विषय तिथेच मिटला.

मग टाकी बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे नव्याने सांगायला नको. कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे साठ किलोच्या कुत्र्याला तीन ते साडेतीन लिटर आणि मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. पिण्यापुरतं निघेल हो, पण अंगण धुणं आणि आंघोळ यांचा हिशेब कोणी करत नाही. बोअर आटला की हा हिशेब टँकरवाल्याबरोबर करावा लागतो. चिवाव्याची आंघोळ अर्ध्या बादलीत उरकते.

उन्हाचं बघताना दोघांचंही बघा. कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळत नाही, धापा टाकून अंग थंड करतो. अवाढव्य शरीर तापलं की लवकर निवत नाही. त्यातून सेंट बर्नार्ड तर आल्प्सच्या बर्फाळ घाटातला. 42-43 अंशांच्या सोलापुरात तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, एसी असला तरीही. ग्रेट डेनचे केस आखूड असतात, तळमजला आणि सावली असेल तर तो निभावतो. चिवाव्याचं पोट मात्र रस्त्यापासून वीतभरच वर असतं, डांबराची झळ थेट लागते. दोघांनाही फिरवायचं ते दिवस उगवायच्या आत. डांबरावर पालथा हात पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही सोसवणार नाही.

खाण्याचा खर्च लोक वजनाच्या पटीत धरतात. तसं नसतं. वजन वीसपट असलं तरी खाणं साधारण नऊ-दहापट लागतं, कारण लहान शरीर किलोमागे जास्त ऊर्जा जाळतं. म्हणूनच चिवाव्याचं पिल्लू फार वेळ उपाशी ठेवायचं नसतं. तीन-चार तासांनी थोडं थोडं द्यावं लागतं, नाहीतर रक्तातली साखर उतरून ते लटपटायला लागतं. तसं झालं तर हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. दिवसभर घर बंद राहणार असेल तर इतकं लहान पिल्लू घेऊ नका. ग्रेट डेनच्या पिल्लाची गोष्ट उलटी. 'हाडं मजबूत होऊ देत' म्हणून शेजारी कॅल्शियमची पावडर सुचवतील, ती घालू नका. जादा कॅल्शियमने याच जातींची हाडं बिघडतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचंच खाद्य द्या आणि दीड-दोन वर्षं ते सावकाश वाढू द्या. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, तिथे जुन्या सोलापुरी चादरी अंथरा.

द्राक्षं आणि बेदाणे आधी उंचावर ठेवा. आपल्या जिल्ह्यात ते घरोघर असतात आणि कुत्र्याच्या मूत्रपिंडाला ते घातक ठरू शकतात. देह जितका लहान, तितके थोडे खाल्ले तरी धोका. कांदा-लसूणही नको, त्यामुळे शेंगाचटणी लावलेली भाकरी प्रेमाने भरवणाऱ्या आजीला आधीच समजावून सांगा.

आता दवाखाना. पिल्लू येण्याआधी जाऊन थेट विचारा: रात्री अकराला पोट फुगलं तर शस्त्रक्रिया कोण करेल? ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडतो. कुत्रा ओकारी काढू बघतो पण काही पडत नाही, आणि मग हातात थोडेच तास असतात. पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे, त्या भरवशावर राहू नका. नसबंदीच्या वेळीच पोट आतून टाके घालून जागेवर बसवून घेता येतं, तेही विचारून ठेवा. रिक्षात हे धूड मावत नाही, गाडी कोणाची आणायची तेही ठरवा. चिवाव्याचे त्रास बारीक पण चिवट: गुडघ्याची वाटी सरकते, दुधाचे दात पडत नाहीत, श्वासनलिका नाजूक असते. गळ्यात पट्टा नको, छातीवरचा हार्नेस घ्या. सोफ्यावरून उडी मारूनही पाय मोडू शकतो. घरात तीन-चार वर्षांचं मूल असेल तर मी चिवावा आणणार नाही. मुलापेक्षा कुत्र्याची काळजी वाटते.

औषधाचा डोस वजनावर असतो, त्यामुळे जंत आणि गोचीड यांचा खर्च मोठ्या कुत्र्याला दर वेळी जास्त येतो. आयुष्याचंही गणित मांडा. ग्रेट डेन सात ते दहा वर्षं, चिवावा चौदा-पंधरा सहज. दहावीतल्या मुलीसाठी ग्रेट डेन आणलात, तर ती नोकरीला लागेपर्यंत तो म्हातारा झालेला असेल.

दोन्हींत मन अडकत नसेल तर कारवान बघा. कर्नाटकात यालाच मुधोळ हाउंड म्हणतात आणि 2005 साली त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. आखूड केस, वीस-तीस किलो वजन, दख्खनचं ऊन पिढ्यान्‌पिढ्या पचवलेलं. फक्त त्याला पळायला मोकळं रान लागतं.

विकणारा 'टीकप' म्हणजे कपात मावेल एवढा कुत्रा म्हणाला तर उठून या, अशी मान्यताप्राप्त जातच नाही. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, तेव्हा जन्मतारीख आणि लसीकरणाचं कार्ड मागा आणि आईला डोळ्यांनी बघा. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, बाकीच्या त्याच्या आधीपासून सुरू होतात. आणायचा महिना उन्हाळ्यातला नको, दिवाळीचा नको आणि होम मैदानाजवळ राहत असाल तर जानेवारीतल्या गड्डा यात्रेतलं शोभेचं दारूकाम होऊन जाऊ द्या. जानेवारीचा शेवट बरा पडतो. कडक ऊन सुरू होईपर्यंत दोनेक महिने मिळतात आणि तेवढ्यात पिल्लाला घराची सवय होते.