आखातात कामाला जाताय? आधी पासपोर्ट उघडा

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेतल्या कारखान्यांत सीएनसी मशीनवर नाहीतर वेल्डिंगवर हात बसलेल्या पोरांना दुबई-सौदीची ऑफर आली की पहिला प्रश्न पगाराचा असतो. तो नंतर विचारा. आधी पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे ठराविक देशांत कामाला जायला सरकारी परवानगी लागते) छापलंय का, ते बघा. नसेल तर तो ईसीएनआर, म्हणजे ती परवानगी न लागणारा.

दहावी पास असाल तर ईसीएनआर मिळतो. दहावी नसली तरी दोन वर्षांचा मान्यताप्राप्त आयटीआय चालतो. घोळ होतो तो इथंच. फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर मात्र एकाच वर्षाचा. त्यामुळे दहावी न झालेल्या वेल्डरचा पासपोर्ट ईसीआरच राहतो. मग यूएई, सौदी, कतार, कुवेत, ओमान धरून 18 देशांत नोकरीला जायला सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून ती परवानगी, म्हणजे एमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. तो नसेल तर हातात व्हिसा असूनही विमानतळावरून माघारी. या क्लिअरन्ससाठी प्रवासी भारतीय बीमा योजनाही सक्तीची आहे: दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, संरक्षण 10 लाखांचं.

आपल्या भागात सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. शाळेचा दाखला मराठीत, आधार कन्नडवरून भरलेलं. मग एका कागदावर जाधव, तर दुसऱ्यावर इंग्रजीत शेवटी जादा ‘ए’ लागून जाधवा. एसएसएलसीच्या (कर्नाटकातली दहावी) मार्कशीटवर आडनावाऐवजी नुसती इनिशियल्सही असतात. तशीच ती पासपोर्टला देऊन आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. एकाच शब्दाचं नाव यूएईच्या प्रवेशाला अडचणीचं ठरतं. आधी आधार दुरुस्त करा, मगच पासपोर्टचा अर्ज.

सर्टिफिकेटचं अटेस्टेशन, म्हणजे ते खरं असल्याचा सरकारी शिक्का, कुठं करायचं? तुम्ही राहता कुठं याला महत्त्व नाही, सर्टिफिकेट दिलं कुणी ते बघतात. निपाणीचा मुलगा कोल्हापुरात डिप्लोमा झाला असेल तर डिप्लोमाचं काम मुंबईत, एसएसएलसीचं मात्र बेंगळुरूत. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. सौदी, ओमान, बहरीनला अपोस्टिल, म्हणजे दूतावासाशिवाय चालणारा या मंत्रालयाचा शिक्का, पुरतो. यूएई, कतार, कुवेतला त्यांच्या दूतावासाचं अटेस्टेशनही लागतं. तारीख जवळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ऑफर यायच्या आधीच हे उरकून ठेवलेलं बरं.

एजंटचा लायसन्स नंबर ई-मायग्रेटवर स्वतः तपासा. गावातला ‘आपला माणूस’ बहुतेक वेळा सब-एजंट असतो, आणि कायद्यात सब-एजंटला जागाच नाही. नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात. पैसे बँकेतूनच द्या, पावती घ्या. दीड-दोन लाख मागितले तर तिथंच थांबा.

‘आत्ता व्हिजिट व्हिसावर चला, तिकडं गेल्यावर बदलू’ असं कुणी म्हणालं तर साफ नाही म्हणा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे. पगार बुडाला तर दाखवायला करारही नसतो, वर दंड तुम्हालाच. कामाचा व्हिसा त्या मालकाशी बांधलेला असतो, म्हणून दुसरीकडं काम धरण्याआधी रीतसर बदली झाली पाहिजे. निघण्यापूर्वी ऑफर लेटर आणि करार समोरासमोर ठेवून पद, मूळ पगार, ओव्हरटाइम, राहण्याची सोय आणि परतीचं तिकीट ताडून बघा. ऑफरमध्ये ‘वेल्डर’ आणि करारात ‘हेल्पर’ असेल तर सही करू नका. पगार करारावरच ठरतो.

मालकानं पासपोर्ट काढून घेणं यूएई आणि सौदीतही बेकायदेशीर आहे. तसं झालं तर भारतीय दूतावास गाठा किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. पासपोर्ट, व्हिसा, कराराच्या झेरॉक्स घरी ठेवलेल्या असतील तर घरचेही इथून तक्रार करू शकतात.