अमेरिकेत दोन ते चार युनिटचं घर: स्वतः राहण्याच्या अटीवर कर्ज कसं बसवायचं

इमारतीत दोन, तीन किंवा चार युनिट (स्वतंत्र बिऱ्हाडं) असतील आणि त्यातल्या एकात तुम्ही स्वतः राहणार असाल, तर लेंडरच्या (कर्ज देणाऱ्याच्या) लेखी ते राहतं घर. पाचवं युनिट निघालं की प्रकरण कमर्शियल कर्जाकडे गेलं. म्हणून जाहिरातीतला आकडा सोडा, शहराच्या नोंदीत किती युनिट कायदेशीर आहेत ते आधी बघा. परवानगीशिवाय काढलेल्या बेसमेंटच्या भाड्यावर हिशेब बांधू नका.

रस्ते मुख्यतः दोन. एफएचएमध्ये, म्हणजे सरकारी हमीच्या गृहकर्जात, क्रेडिट स्कोअर ५८० किंवा त्याहून जास्त असेल तर डाउन पेमेंट (किमतीतला सुरुवातीला रोख भरायचा वाटा) ३.५ टक्के, ५०० ते ५७९ असेल तर १० टक्के. शिवाय मॉर्गेज इन्शुरन्स (कर्ज बुडालं तर लेंडरचं नुकसान भरणारा विमा, पैसे तुमचे) आहेच: सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के, नंतर दरमहा वेगळा. दुसरा रस्ता फॅनी मेचा, म्हणजे लेंडरकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या नियमांतलं कर्ज. नोव्हेंबर २०२३ पासून तिथे दोन ते चार युनिटना ५ टक्के पुरतात, मात्र एवढ्या कमी डाउन पेमेंटवर ते ५ टक्के तुमच्या स्वतःच्या खात्यातले लागतात. एफएचएला आई-वडिलांनी भेट दिलेले पैसे डाउन पेमेंटसाठी चालतात, फक्त गिफ्ट लेटर (पैसे परत करायचे नाहीत असं देणाऱ्याचं पत्र) आणि पैसे कुठून कसे आले याचे कागद हवेत. एच-१बीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: २५ मे २०२५ पासून एफएचए अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरतंच आहे. त्यामुळे एच-१बीवाल्यांनी फॅनी मेचा रस्ता बघावा. (सैन्यात नोकरी झाली असेल तर व्हीए, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याच्या, कर्जाची चौकशी आधी करा, तिथे डाउन पेमेंट शून्यही असू शकतं.)

खरी अडचण एफएचएवर तीन किंवा चार युनिट घेताना येते. तिथे घराने स्वतःचा हप्ता स्वतः भरला पाहिजे. अप्रेझरने (घराची किंमत ठरवणाऱ्याने) ठरवलेलं सगळ्या युनिटचं बाजारभावाचं भाडं घ्यायचं, तुमच्या युनिटचंही, आणि त्यातून किमान २५ टक्के वजा करायचे. उरलेली रक्कम मुद्दल, व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि मॉर्गेज इन्शुरन्स मिळून होणाऱ्या हप्त्याइतकी तरी हवी. समजा चार युनिट, प्रत्येकी १,५०० डॉलर. एकूण ६,०००, त्याचे ७५ टक्के ४,५००. हप्ता ४,८०० असेल तर अर्ज नापास. तुमचा पगार कितीही असो, या चाचणीत तो मोजतच नाहीत. ३०० डॉलरची तूट भरायला कर्ज कमी करावं लागतं: ७ टक्के व्याज आणि ३० वर्षं धरली, तर साधारण ४२,००० डॉलरने. म्हणजे किंमत पाडून घ्या किंवा डाउन पेमेंट वाढवा. ड्युप्लेक्सला (दोन युनिटच्या घराला) ही चाचणी नाही, फॅनी मेलाही नाही. महागड्या शहरात एफएचएवर तीन युनिट बसवण्याचा हट्ट आम्ही धरणार नाही.

तीन-चार युनिटना एफएचए क्लोजिंगनंतर (व्यवहार पुरा होऊन घर नावावर झाल्यावर) तीन हप्त्यांइतके पैसे शिल्लक मागतं, आणि त्यात भेटीचे पैसे धरत नाहीत. हे बरेचदा शेवटच्या आठवड्यात उघड होतं, तेव्हा लेंडरला पहिल्याच बैठकीत विचारून घ्या.

राहायला ६० दिवसांत जावं लागतं आणि किमान एक वर्ष राहण्याचा इरादा खरा असावा लागतो. खोटं लिहून दिलं तर तो फेडरल गुन्हा. सगळ्या युनिटमध्ये भाडेकरू असतील तर ऑफर देण्याआधी प्रत्येक लीज (भाडेकरार) वाचा: कोणती महिना-दर-महिना आहे, कोणती कधी संपते. विक्री झाली म्हणून चालू लीज तुटत नाही. एकही युनिट वेळेत मोकळं होणार नसेल, तर विकणाऱ्याने क्लोजिंगपूर्वी एक रिकामं करून द्यावं अशी अट करारातच घाला.