स्मोक्ड सॅमनची बिनगॅसची स्टार्टर्स: या चुका टाळा

क्रॅकरवर किंवा काकडीच्या चकतीवर क्रीम चीज आणि धुरी दिलेला सॅमन मासा ठेवायचा, गॅस पेटवायचा नाही, म्हटल्यावर काम सोपं वाटतं, आणि मग दुपारीच सगळं रचून फ्रीजमध्ये ढकललं जातं. पाहुणे येईपर्यंत क्रॅकर सादळतात, काकडीला पाणी सुटतं, माशाच्या कडा सुकून कडक होतात. या पदार्थात बहुतेक बिघाड असा आधीच उरकून ठेवल्याने होतो. क्रीम चीजचं मिश्रण खुशाल आदल्या दिवशी करा. जुळणी मात्र शेवटच्या 15-20 मिनिटांतच.

खरेदीतही गफलत होते. कोल्ड स्मोक्ड सॅमनला साधारण 30 अंश सेल्सिअसच्या खाली धुरी देतात. तो खारवलेला असला तरी शिजलेला नसतो, म्हणून त्याचे पातळ काप छान गुंडाळले जातात. हॉट स्मोक्ड शिजलेला असतो, गुंडाळायला गेलात की तुटतो. तोच घरी आला असेल तर रोलचा नाद सोडा, काट्याने कुस्करून क्रीम चीजमध्ये मिसळा आणि ब्रेडवर लावा. काही ठिकाणी रावस ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, पण तो मासाच वेगळा. आणि रावस असो की सॅमन, ताजा कच्चा मासा इथे चालत नाही.

फ्रोझन पाकीट ओट्यावर वितळवू नका. आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवा आणि व्हॅक्यूम पॅक असेल तर त्याचा कोपरा आधी कापा. बॉट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेच्या जंतूंना हवा नसलेली जागाच मानवते.

मिठाचं काय? माशात ते मुरलेलंच असतं, वर घालायचे केपर्स (मुरवलेल्या छोट्या कळ्या) तेही खारट. म्हणून क्रीम चीजमध्ये वेगळं मीठ घालायचं नाही. खारट झालंच, तर थोडा चक्का फेटून घाला. काकडीचं पाणी काढायलाही मीठ लावू नका. कमी बियांची काकडी घ्या, अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या करा, सुती फडक्यावर पसरून वरूनही टिपून घ्या. क्रॅकरवर क्रीम चीज अगदी कडेपर्यंत लावा, म्हणजे माशाचा ओलावा खाली झिरपत नाही.

लिंबू आधी पिळलं की आंबटपणाने माशाचा पृष्ठभाग पांढुरका आणि भुसभुशीत होतो. रस ताटली बाहेर नेताना पिळा, आधीच स्वाद हवा तर साल किसून चीजमध्ये घाला. वर डिल हवी म्हणून महागडी डबी शोधत फिरायची गरज नाही, आपला शेपू चालतो. फक्त देठ नकोत, कोवळी टोकं घ्या आणि हात आखडता ठेवा, नाहीतर वास सगळ्यावर चढतो.

न शिजलेल्या माशात असू शकणारा लिस्टेरिया हा आजाराचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. त्यामुळे गरोदर स्त्रिया, वयस्क मंडळी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी दुसरं काहीतरी करा. शाकाहारी पाहुण्यांची ताटलीच नव्हे, चीज लावायची सुरीही वेगळी ठेवा. हे आपल्याकडे हमखास विसरलं जातं.

सगळं एकदम मांडू नका, लहान ताटल्या पुन्हा पुन्हा भरा. टेबलावर दोन तासांहून जास्त नको, आणि मे महिन्यात 32 अंशांच्या वर असलेल्या हॉलमध्ये तर तासभरच. उघडलेल्या पाकिटात उरलेला मासा फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो. टेबलावर वेळ उलटून गेलेला मात्र टाकून द्यायचा, मग पाकीट कितीही महाग पडलेलं असो.