व्हॅनचा सुटा बोर्ड आणि उसनं अर्थिंग: या चुका टाळा

परभणीकडच्या एका शेतातल्या आखाड्यावर रात्री माझी राहायची व्हॅन लावली होती. मे महिना. मालकांनी आपुलकीने विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून लाईट काढून दिली. रात्रभर कूलर फिरला. पहाटे त्यांचा मुलगा चहा घेऊन आला, अनवाणी, भिजवलेल्या रानातून. दाराच्या कडीला हात लावला आणि ओरडलाच, "ओ दादा, गाडी करंट मारायली!" आत मी रबरी मॅटवर होतो, मला पत्ताच नव्हता.

माझं वायरिंग ठीक होतं. त्या पेटीत फक्त तीन फेज, म्हणजे जिवंत वायरी होत्या; करंट परत नेणारा न्यूट्रल नव्हताच. मग एक फेज घ्यायचा, दुसरं टोक अर्थिंगच्या सळईला बांधायचं, की झाली सिंगल फेज! आपल्याकडे हा जुगाड शेतोशेती दिसतो. सॉकेटच्या वरच्या भोकातली अर्थिंगची वायरही त्याच सळईला होती. सळई गोठ्यामागे, कोरड्या भेगाळलेल्या काळ्या मातीत. कूलरचा परतीचा करंट जमिनीत नीट उतरेना, सळईवरच व्होल्टेज चढलं आणि अर्थच्या वायरने थेट गाडीच्या पत्र्यावर आलं.

व्हॅनमध्ये 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच होता. तो पडला नाही. कारण तो फेज आणि न्यूट्रलमधला फरक मोजतो, आणि इथे फरक नव्हताच. शिवाय अर्थची वायर तो तोडत नाही. म्हणजे अर्थमधूनच करंट येत असेल, तर आरसीसीबी नुसता बघत बसतो. त्याचं टेस्टचं बटण दाबून समाधान मानणं ही दुसरी चूक. ते बटण अर्थिंगशिवायही काम करतं, त्यामुळे अर्थिंगबद्दल काहीच सांगत नाही.

व्हॅन टायरवर उभी असते. तिचं अर्थिंग रोज रात्री उसनं. म्हणून गाडीची केबल लावण्याआधी मल्टिमीटर काढा. फेज-न्यूट्रल 230 च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-न्यूट्रल 400 च्या वर दिसलं तर दोन फेज हाती आलेत, तिथून हात जोडून निघा. पण जुगाडाच्या जोडणीत न्यूट्रल-अर्थ शून्य दिसतं आणि आपण खूश होतो. म्हणून तिथे एखादा हीटर किंवा जुना बल्ब लावून, अर्थचं भोक आणि आठ-दहा पावलांवर ओल्या मातीत खोचलेली सळई यांच्यातलं व्होल्टेज बघा. भार टाकल्यावर काटा चढला, तर ती लाईट घेऊ नका. त्या रात्री बॅटरीवरचा पंखा पुरतो. यजमान नाराज होतील म्हणून केबल लावू नका, एवढं तरी माझ्याकडून शिका.

आता सुट्या बोर्डाकडे, म्हणजे एक्स्टेन्शनकडे. एकच नियम डोक्यात ठेवा: ज्या बाजूला लाईट आहे तिथे भोकं, उघड्या पिना कधीच नाहीत. गाडीच्या अंगावर पिनांचा इनलेट, येणाऱ्या केबलला भोकांचं टोक. आतल्या बोर्डालाही तेच. मी एकाकडे दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर पाहिली आहे. एक टोक सुटलं की हातात जिवंत पिन! बाहेरच्या बाजूला घरगुती टॉपपेक्षा निळा 16 अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या. त्याची अर्थची पिन जाड असते, उलटी बसतच नाही.

रंगांतही गोंधळ होतो. फ्लेक्सिबल केबलमध्ये तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ. पण मोटारी जोडणाऱ्या वायरमनच्या डोक्यात लाल-पिवळा-निळा हे तिन्ही फेजच असतात, आणि न्यूट्रल काळा. त्याला "निळी न्यूट्रलला" असं तोंडाने सांगा, मग टेस्टरने तपासा. सॉकेटकडे समोरून पाहिलं की अर्थ वर, फेज उजवीकडे.

घर बांधताना उरलेली एकधागी वायर गाडीत वापरू नका. खड्ड्यांतून ती स्क्रूपाशी मोडते. 2.5 चौरस मिलिमीटरची बहुधागी तांब्याची वायर घ्या आणि टोकांना दाबून लग किंवा फेरूल (धातूची टोपी) बसवा. डाग मारून, म्हणजे कथिल लावून टोक घट्ट करू नका. कथिल दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला पडतो आणि बोर्ड गरम व्हायला लागतो. केबल बोर्डात शिरते तिथे ती घट्ट धरणारी क्लिप किंवा ग्लँड हवाच. आत अर्थचा धागा जरा लांब सोडा, म्हणजे कुणी केबल ओढली तर तो सगळ्यांत शेवटी तुटेल.

केबल गुंडाळलेल्या रिळावर इंडक्शन चालवण्याची हौस मला महाग पडली आहे. 2000 वॅटची शेगडी जवळपास 9 अँपिअर ओढते. 25 मीटरच्या 1 चौरस मिलिमीटरच्या वायरीत त्यातले 70-80 वॅट नुसती उष्णता होतात, आणि रिळात ती कोंडते. त्यात बाहेर 42 अंश. रीळ पूर्ण सोडा, वायर जाड घ्या. आणि शेगडीला 6 अँपिअरचा बोर्ड नको.

लाईट लावल्या लावल्या आरसीसीबी पडतोय? आधी सगळे सुटे बोर्ड उपसा, मग एकेक लावा; ज्याने पडेल तो दोषी. सगळे एमसीबी (जास्त भार आला की पडणारे स्विच) बंद करूनही पडत असेल, तर बहुधा एमसीबी एकपोली, म्हणजे फक्त फेज तोडणारे आहेत आणि न्यूट्रल कुठेतरी पत्र्याला किंवा अर्थला टेकलाय. इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल-अर्थ आतून जोडलेला असतो का, तेही बघा. फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारे दोनपोली एमसीबी घेतले असते तर शोध सोपा झाला असता. पावसानंतरच पडत असेल तर इनलेटचं झाकण उघडून ओल पुसा.

इन्व्हर्टर आणि बाहेरची लाईट एकाच बोर्डावर आणायची असेल तर मध्ये दोनपोली चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी एकच लाईट जोडणारा, मधोमध "बंद" असलेला. तो टाळला तर बाहेरची लाईट इन्व्हर्टरच्या पोटात शिरते, आणि दुरुस्तीवाला सर्किट हातात घेऊन आपल्याकडे कसा बघतो ते मला माहीत आहे.