माहिती सिद्धांताचा अभ्यास करताना या चुका टाळा

एम.एस्सी. गणिताचा विद्यार्थी माहिती सिद्धांताकडे वळतो, तेव्हा संभाव्यता आणि जेन्सनची असमता त्याला ठाऊक असते. तरीही त्याची उदाहरणे चुकतात, आणि ती बहुधा आकडेमोडीत नव्हे, तर समोरची राशी कशाची सरासरी आहे हे न पाहिल्यामुळे चुकतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेली एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचे सरासरी माप, हा वितरणाचा गुणधर्म आहे, एका सुट्या संदेशाचा नव्हे.

याचा सर्वाधिक फटका सशर्त एन्ट्रॉपीत, म्हणजे दुसरा चल कळल्यावर सरासरी उरणाऱ्या अनिश्चिततेत, बसतो. माहिती मिळाली की अनिश्चितता घटते, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात आणि प्रत्येक निरीक्षणाला लावतात. सांगलीकरांना याचे उत्तर पावसाळ्यात आपसूक कळते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आहे. पाणी ती ओलांडेल की नाही, हा चल ‘क्ष’ माना आणि कोयनेतून मोठा विसर्ग सुटला की नाही, हा ‘य’. सोयीसाठी असे धरू की मोठ्या विसर्गाची संभाव्यता ०.१ आहे, तो झाल्यास पाणी ४० फुटांवर जाण्याची शक्यता निम्मी आहे आणि न झाल्यास शून्य. मग पाणी पातळी ओलांडण्याची संभाव्यता ०.०५ आणि ‘क्ष’ची एन्ट्रॉपी सुमारे ०.२९ बिट येते. विसर्ग सुटल्याची बातमी येताच मात्र ती पूर्ण १ बिट होते, म्हणजे बातमीने अनिश्चितता वाढवली! नदीकाठच्या घरात सामान माळ्यावर चढवावे की थांबावे, हा घोर त्याच क्षणी सुरू होतो. प्रमेय तरीही अबाधित आहे, कारण ते ‘य’च्या सर्व किमतींवरील सरासरीविषयी बोलते, ती सरासरी ०.१ × १ + ०.९ × ० = ०.१ बिट आहे आणि परस्पर माहिती, म्हणजे ‘य’ कळल्याने सरासरी घटणारी अनिश्चितता, सुमारे ०.१९ बिट. सिद्धता अडली, तर आधी वहीत ही सरासरीची ओळ पूर्ण लिहा. माझ्या मते निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

लघुगणकाचा पाया बदलण्याची चूक किरकोळ वाटते, पण ती शोधायला फार वेळ जातो. नाण्याच्या निःपक्ष फेकीला १ ऐवजी ०.६९३ उत्तर आले, तर नैसर्गिक लघुगणक वापरला गेला आहे, एवढेच समजावे.

सतत चलांची एन्ट्रॉपी ऋण आली की विद्यार्थी आपले गणित खोडतात. ते खोडू नये. शून्य ते अर्धा या अंतरावरील समान वितरणाची एन्ट्रॉपी –१ बिटच आहे. ही राशी एककावरही अवलंबून असते: नदीची पातळी फुटांऐवजी मीटरमध्ये घेतली की ती सुमारे १.७१ बिटने घटते, कारण १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. परस्पर माहिती मात्र जशीच्या तशी राहते, म्हणून तुलना करायची असेल तर तिचाच आधार घ्यावा.

प्रातिनिधिक संच म्हणजे सर्वाधिक संभाव्य क्रमांचा संच, हा समजही तितकाच चिवट आहे. खरे तर त्यात असे क्रम येतात, ज्यांची दर फेकीमागची माहिती ठरावीक मर्यादेत एन्ट्रॉपीच्या जवळ असते. छाप्याची संभाव्यता ०.९ असलेले नाणे १०० वेळा फेकले, तर सर्वांत संभाव्य एकटा क्रम म्हणजे शंभरही छापे. पण अरुंद मर्यादा घेतल्यास तो या संचात बसत नाही, कारण त्याची दर फेकीमागची माहिती ०.१५ बिट आहे, तर एन्ट्रॉपी ०.४७ बिट. संचात येतात ते साधारण १० काटे असलेले क्रम. ते एकेकटे दुर्मीळ असले, तरी संख्येने अफाट आहेत.