फोनचं हॉटस्पॉट हँडहेल्डला दिसत नाही? रिसेट करू नका, बँड बदला

फोनमध्ये हॉटस्पॉट सुरू करा, किमान आठ अक्षरांचा पासवर्ड ठेवा, हातातल्या गेमिंग कन्सोलच्या (म्हणजे हँडहेल्डच्या) किंवा ई-रीडरच्या वाय-फाय यादीतून तुमच्या फोनचं नाव निवडून तो पासवर्ड टाका. बहुतेकांचं काम एवढ्यात होतं.

ज्यांचं होत नाही, त्यांची तक्रार बहुधा एकच असते. यादीत आजूबाजूची सगळी वाय-फाय दिसतात, शेजारी ठेवलेल्या आपल्या फोनचं तेवढं दिसत नाही. मी यात दोन दिवस घालवले. ‘फोन बंद करून चालू करा’ झालं, ‘हँडहेल्ड फॅक्टरी रिसेट करा’ हेही ऐकलं आणि साठवलेले सगळे गेम गमावून बसलो. हॉटस्पॉट तरीही दिसलं नाही. म्हणून कळकळीने सांगतो, या कामासाठी रिसेट कधीही करू नका.

खरी अडचण बँडची असते. वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतं. नवे फोन वेग मिळावा म्हणून अनेकदा ५ वर हॉटस्पॉट लावतात. निन्टेन्डो ३डीएस, प्लेस्टेशन व्हिटा यांच्यासारख्या यंत्रांतला रेडिओ फक्त २.४ चाच आहे. त्यांना ५ चा सिग्नल ऐकूच येत नाही, मग फोन अगदी चिकटवून ठेवला तरी काय उपयोग?

अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये बँड २.४ करा. काही फोनांत त्याऐवजी कम्पॅटिबिलिटी वाढवण्याचं बटण असतं, ते चालू करा. आयफोन १२ आणि त्यापुढच्या मॉडेलांत ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, आणि यंत्र जोडलं जाईपर्यंत पर्सनल हॉटस्पॉटचा तोच स्क्रीन उघडा ठेवा. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात.

आता नाव दिसतंय, पासवर्डही बरोबर आहे, तरी यंत्र नकार देतंय? मग फोनच्या हॉटस्पॉट सेटिंग्जमध्ये सुरक्षेचा प्रकार बघा. तिथे नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर जुन्या यंत्राला ते समजत नाही; डब्ल्यूपीए२ निवडा. पासवर्ड काढून हॉटस्पॉट उघडं ठेवा असं सुचवणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. आसपासचं कोणीही तुमचा डेटा वापरेल, आणि जे करेल ते तुमच्या कनेक्शनवरून. हॉटस्पॉटच्या नावातून इमोजी आणि अवतरणचिन्हंही काढा, साधी इंग्रजी अक्षरं ठेवा.

मूळच्या निन्टेन्डो डीएसवर मात्र वेळ घालवू नका. त्याचे गेम डब्ल्यूईपी ही जुनी, कमकुवत सुरक्षाच ओळखतात, ती आजचे फोन देत नाहीत, आणि त्याची अधिकृत ऑनलाइन सेवाही २०१४ मध्ये बंद झाली.

जोडणी झाली की आधी हँडहेल्डवरचे आपोआप होणारे अपडेट बंद करा. एका मोठ्या गेमचा अपडेट कित्येक जीबींचा असतो आणि यंत्राला हे घरचं वाय-फाय आहे की फोनचा मोजका डेटा, हे बहुधा कळत नाही. फोन चार्जरला लावा. काम संपलं की हॉटस्पॉट हाताने बंद करा. कोणी जोडलेलं नसताना ते आपोआप बंद होण्याची सोय काही फोनांत आहे, पण यंत्र जोडलेलंच राहिलं तर ती कामाला येत नाही.