म्युनिकमध्ये मार्चची पहिली सायकल काढताना

फेब्रुवारीच्या शेवटी कधीतरी आल्प्सकडून फॉन वारा सुटतो, पारा पंधराच्या पुढे जातो, डोंगर हात लावावा इतके जवळ दिसतात आणि म्युनिकमधला प्रत्येक नवा मराठी माणूस तळघरातून सायकल वर आणतो. मीही आणली होती. तिसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ. इथले लोक ११ ते १५ मे या दिवसांना 'आइसहायलिगे', म्हणजे बर्फाचे संत म्हणतात आणि ते गेल्याशिवाय टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. हातमोजेही तोवर कपाटात टाकू नका.

आता खडी. हा भाग दोनदा वाचा. हिवाळ्यात पाय घसरू नये म्हणून फूटपाथवर आणि बऱ्याच सायकल-वाटांवर बारीक, टोकदार खडी टाकतात. बर्फ वितळतो, खडी तिथेच राहते; ती झाडून न्यायला कधी कधी एप्रिल उजाडतो. सरळ जाताना काही वाटत नाही. वळणावर मात्र चाक खालून कोणी ओढून घेतल्यासारखं जातं. माझ्या पहिल्या मार्चमध्ये मी वळता वळता पुढचा ब्रेक दाबला आणि थेट उभ्या गाडीच्या दारावर. गुडघ्यातले खडे बायकोने चिमट्याने तासाभरात काढले. दाराचं बिल आलं अठराशे युरो, आणि ते मी खिशातून भरलं. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा 'हाफ्टफ्लिश्ट' विमा माझ्याकडे नव्हता. ऑफिसातले एक जुने-जाणते मराठी गृहस्थ म्हणाले होते, "कशाला रे, पैसे वाया." वर्षाला शंभर युरोच्या आत मिळतो. आधी तो घ्या, मग सायकल. आणि ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नाही.

माझं निरीक्षण असं की पुण्याचे लोक जास्त पडतात. "आम्ही सायकलवरच लहानाचे मोठे झालो" म्हणत उलट्या बाजूने घुसतात. रस्त्याकडेच्या सायकल-वाटा इथे बहुधा एकाच दिशेच्या असतात. उलट्या येणाऱ्याला 'गाइस्टरराडलर' म्हणतात, भुताटकीचा सायकलवाला! एखादी आजी भर रस्त्यात झापेल. तिचं तुमच्याशी वैर नाही, नियम मोडलेला तिला बघवत नाही. पहिल्या वर्षी मला हा वंशद्वेष वाटला होता. नंतर तिला जर्मन नातवालाही तसंच झापताना पाहिलं.

हातात मोबाइल धरून चालवली तर ५५ युरो दंड. लाल सिग्नल तोडला तर कमीत कमी ६० आणि वर वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांच्या सरकारी नोंदीत एक पॉइंट. आठ वर्षांखालचं मूल सोबत असेल तर ते फूटपाथवरून चालवणार, आणि त्याच्याबरोबर एका मोठ्यालाही तिथून जाता येतं.

पहिली फेरी इझार नदीच्या काठाने मारा, प्राणिसंग्रहालयापासून ग्रोसहेसेलोहेच्या पुलापर्यंत. शेफ्टलार्नच्या मठाचा चढ मेसाठी ठेवा. सकाळी दहाच्या आत निघू नका: काठावर ऊन असतं, पण पुलाखालच्या सावलीत रात्रीचा बर्फ काचेसारखा पसरलेला असतो आणि तो दिसत नाही, फक्त ओला डांबरी रस्ता दिसतो. तिथे पायडल थांबवा, हँडल सरळ धरा, ब्रेकला हात लावू नका.

जादा ट्यूब शनिवारीच आणून ठेवा. रविवारी सगळी दुकानं बंद.